जीर्णोद्धार झालेली मोटार

'जुने ते सोने' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या दारात मोटार उभी नसावी. सोने गंजत नाही, मोटार गंजते. ती समुद्रकाठी असली तर रात्रंदिवस गंजते, चालती असली तर थोडी कमी आणि उभी असली तर अधिक गंजते, आणि अंगावर नवा रंग चढविलेला असला म्हणजे त्या रंगाच्या आडोशाने, कोणाच्या दृष्टीस न पडता, निर्वेधपणे गंजते. म्हणून जुनी मोटार 'अगदी नव्यासारखी केली आहे' असे सांगून कोणी विकावयास काढली, की घेणाऱ्याने आनंदित होण्यापूर्वी थोडे सावध व्हावे हे बरे. तारापूर येथे एका सद्गृहस्थांनी अशी एक मोटार विक्रीस काढली आहे. ती मी दोन वेळा जाऊन पाहिली. त्या निमित्ताने, 'जीर्णोद्धार' या शब्दात काम किती आणि देखावा किती असतो याचा विचार आज आपल्याबरोबर करावा असा बेत आहे. मालक माझ्या नात्यातले नाहीत आणि या व्यवहारात मला दलालीही मिळावयाची नाही, एवढे आरंभीच सांगून टाकतो.

मोटार इंग्लंडातील जग्वार कंपनीची, 'मार्क टू' जातीची, ३.४ लिटर इंजिनाची आहे. इंग्रज लोक अशा गाडीला 'स्पोर्टिंग सलून' म्हणत. सलून म्हटले की आपल्याकडे आरसे आणि वस्तरे डोळ्यांपुढे येतात. परंतु मोटारींच्या परिभाषेत सलून म्हणजे चार दारांची, पक्क्या छपराची, सबंध कुटुंब घेऊन जाणारी गाडी. तिला 'स्पोर्टिंग' हे विशेषण लागले म्हणजे अर्थ असा, की रविवारी आजीबाईंना देवदर्शनास नेणाऱ्या त्याच गाडीने सोमवारी शर्यतीच्या गाडीशी बरोबरी करावी. मार्क टू १९५९ साली निघाली. तिच्या ३.४ लिटर इंजिनाची शक्ती २१० अश्वबळाची आणि वेग ताशी सुमारे १२० मैलांचा. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. हे ब्रेक त्या काळी नवलाचे. फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने १९५३ साली जिंकली ती बऱ्याच अंशी या ब्रेकांच्या जोरावर. जी युक्ती शर्यतीत सिद्ध झाली ती सहा वर्षांत घरगुती गाडीत आली. इंग्लंडात ही मोटार पोलिसांनी पाठलागासाठी पसंत केली आणि ज्यांचा पाठलाग व्हावयाचा त्यांनीही तीच पसंत केली, यापरते तिच्या वेगास दुसरे प्रशस्तिपत्र नको.

या कंपनीचा मूळ पुरुष विल्यम लायन्स. १९२२ साली ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी एका भागीदाराबरोबर त्याने मोटारसायकलींना जोडावयाच्या बाजूगाड्या करण्याचा धंदा आरंभिला. पुढे लहानशा ऑस्टिन मोटारीवर स्वतःच्या घाटाची देखणी बॉडी बसवून तो विकू लागला, आणि १९२८ च्या सुमारास सारा कारखाना कॉव्हेंट्री शहरी हलविला. लायन्स हा शिकलेला अभियंता नव्हे. पण पत्र्याला वळण कोठे द्यावे आणि ग्राहकाचा डोळा कोठे ठरतो हे त्याला उपजत कळत असे. १९३५ साली लंडनच्या मेफेअर हॉटेलात त्याने आपली नवी मोटार व्यापाऱ्यांपुढे मांडली आणि प्रत्येकाला तिच्या किमतीचा अदमास लिहून द्यावयास सांगितले. सर्वांच्या अदमासाची सरासरी निघाली ६३२ पौंड. प्रत्यक्ष किंमत होती ३८५ पौंड! 'जग्वार' हे नाव प्रथम लागले ते याच मोटारीला. तोवर कंपनीच्या नावात 'एस. एस.' ही अक्षरे असत. महायुद्धात ती अक्षरे उच्चारणेही लोकांना नकोसे झाले, म्हणून १९४५ मध्ये ती गळली आणि जग्वार हेच कंपनीचे नाव झाले.

मेफेअर हॉटेलातली ही हकीकत मी केवळ करमणुकीसाठी सांगितली नाही. दिसावयास सहाशेची आणि घ्यावयास चारशेहून कमी, हा या मोटारीचा मूळ स्वभाव आहे. मधली तफावत कोठून तरी भरून काढावी लागते. इंजिनात लायन्सने काटकसर केली नाही. जेथे ग्राहकाची नजर पोचत नाही त्या पोकळ जागांत, पत्र्याच्या दुहेरी घड्यांत, गंज रोखण्याचे उपाय मात्र बेताचेच राहिले. त्या काळच्या बहुतेक कारखान्यांची रीत हीच होती, आणि ही गाडी साठ वर्षांनी कोकणच्या हवेत उभी असेल असे तेथे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. युद्धकाळात कॉव्हेंट्रीवर बाँब पडत असताना कारखान्याच्या छपरावर आगीची राखण करण्यासाठी रात्री माणसे बसत. त्या जागरणात लायन्स, त्याचा मुख्य अभियंता विल्यम हाइन्स आणि त्यांचे दोघे सहकारी युद्धानंतरच्या इंजिनाचे आराखडे काढीत असत. त्यातून सहा सिलिंडरांचे, माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असलेले 'एक्स. के.' इंजिन १९४८ साली बाहेर आले, आणि थोडेबहुत बदल होत होत ते चाळीस वर्षांहून अधिक काळ जग्वारच्या गाड्यांत राहिले. ते चालू असताना बॉनेटवर हात ठेवावा; आत यंत्र फिरत आहे यापेक्षा कोणी श्वास घेत आहे असाच भास होतो. अशी इंजिने आता होत नाहीत असे मी म्हणत नाही. याहून कितीतरी समर्थ आणि स्वच्छ इंजिने आज होतात. पण त्यांच्यावर प्लास्टिकचे झाकण असते.

आपल्या देशात या गाड्या थोड्या आल्या. स्वातंत्र्यानंतर परकी चलन वाचविण्यासाठी सरकारने मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध घातले. त्यानंतर ज्या आल्या त्या बहुधा वकिलातींच्या, परदेशातून कायमचे परतणाऱ्यांच्या, किंवा अशाच एखाद्या खास परवान्याच्या वाटेने. आणि वकिलातींच्या गाड्या पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. गाडी आली तरी तिचे सुटे भाग येत नसत. मग मिस्त्रीने काय करावे? त्याने ॲम्बॅसडरचा भाग घासून बसविला, लेथवर बुश कातले, आणि मूळ इंजिन अगदीच थकले तेव्हा दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन घालून दिले. आजचे शौकीन या मिस्त्रींना नावे ठेवतात. मला ते अन्यायाचे वाटते. त्या माणसांनी तसे केले नसते तर कित्येक गाड्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या, आणि जीर्णोद्धारास काही उरलेच नसते.

आणि काळाचा महिमा असा, की ज्या जग्वारचा एखादा सुटा भाग आणणे मुंबईच्या मालकास दुरापास्त होते, ती सबंध कंपनीच २००८ साली मुंबईच्या टाटा मोटर्सने लँड रोव्हरसह फोर्ड कंपनीकडून विकत घेतली. त्यानंतर काही वर्षांतच पुण्यात जग्वार गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे २०२१ मध्ये कंपनीने सर्वस्वी विजेच्या गाड्यांकडे वळण्याचा आपला संकल्प जाहीर केला. त्यामुळे पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जग्वारविषयी लोकांच्या मनात एक निराळीच ओढ उत्पन्न झाली आहे, आणि विकणाऱ्यांच्या मनात एक निराळाच भाव.

आता तारापुरास येऊ. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत २०१३ पासून उपनगरी गाडी जाऊ लागल्याने बोईसरला उतरणे सोपे झाले आहे. तेथून तारापूर जवळच. स्वतःच्या वाहनाने जाणारा महामार्गावरील चिल्हार फाट्याहून आत वळतो. गाव जुने, किल्ल्याचे, नारळी-पोफळीचे. परंतु तारापूर हे नाव आज देशभर ठाऊक आहे ते दोन गोष्टींनी: १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र आणि बोईसरलगतची औद्योगिक वसाहत. या वसाहतीत रासायनिक कारखाने पुष्कळ, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरचे नाव देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांच्या वर लागले होते. हे भूषण नव्हे. मोटारीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पश्चिमेकडून खारा वारा येतो आणि पूर्वेकडून आम्लाचा अंश. मीठ हवेतील ओल धरून ठेवते, आम्ल रंगाच्या बारीक भेगांतून आत शिरते, आणि दोहोंच्या मध्ये पोलाद सापडते. त्या पट्ट्यातल्या घरांच्या खिडक्यांचे गज पाहावे म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

अशा ठिकाणी एका निवृत्त अभियंत्यांनी ही मोटार सात पावसाळे घालवून पुन्हा उभी केली. वय ७८, आवाज खणखणीत, पण गुडघे गेलेले. जग्वारचा क्लच दाबणे आता त्यांना होत नाही. विकण्याचे कारण एवढेच. गाडी त्यांनी डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीतून घेतली तेव्हा तिच्यात परके डिझेल इंजिन होते आणि मूळचे इंजिन पंपघराच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली पडलेले होते. "पंपघरात नंबर ताडून पाहिला आणि मग घरी येऊन हिला सांगितलं," ते म्हणाले. त्यावर त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "सांगितलं नाही. गाडी दारात आल्यावर मला कळलं." पुढचे भांडण मी ऐकले नाही, कारण तेवढ्यात चहा आला.

मला त्या गाडीपेक्षाही तिची वही अधिक मोलाची वाटली. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाला वापरतात तशी वही. तिच्यात काय बदलले, काय तसेच ठेवले, कोणत्या दिवशी, किती रुपये, सारे मराठीत, सुवाच्य अक्षरात. दारांखालचे उंबरठे दोन्ही बाजूंनी नवे. डावे मागील दार खालून अर्धे नवे. बॉनेट मूळचे. पुढच्या आसनांचे कातडे नवे, मागच्यांचे मूळचे, शिवण उसवून पुन्हा घातलेली. पत्र्याचे जोडकाम करणारा वेल्डर औद्योगिक वसाहतीत टाक्यांना जोड देणारा. म्हणजे ज्या वसाहतीच्या वाफांनी पत्रा खाल्ला तिनेच तो सांधणारा हातही दिला. सुकाणूचक्राच्या मधोमध असलेले बोटभर पदक हरवलेले होते. त्याचा साचा चिंचणीच्या एका कारागिराने पोलादात कोरला. चिंचणी-वरोर भागात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे साचे कोरणारे असे अनेक डायमेकर आहेत; त्यांना वाघाच्या जातीचे तोंड म्हणजे अवघड काम नव्हे. आणि एके ठिकाणी अशी नोंद होती: 'समोरच्या फळीवर मधला अक्रोडाचा थर मूळचा, बाजूचे दोन सागाचे, रंग मिळवून.' गाडीत बसून मी बराच वेळ पाहिले. साग कोठला आणि अक्रोड कोठला हे मला ओळखता आले नाही. त्यांनी लिहिले नसते तर कोणालाही कळले नसते. आणि तरी त्यांनी लिहिले.

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांवरून उचलला आहे, आणि देवळांच्या बाबतीत आपण काय केले आहे ते आपण जाणतोच. काळ्या पाषाणाचे हेमाडपंती देऊळ, सातशे वर्षे उन्हापावसात उभे. गावात वर्गणी जमते आणि एका आठवड्यात त्यावर निळा-गुलाबी ऑइलपेंट चढतो. त्यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो. उलट २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरील शेंदराचा जुना लेप उतरविण्यात आला, तेव्हा आतील मूळ रूप भाविकांना पाहावयास मिळाले. तेथे काही नवे घातले नव्हते. वरचे काढले होते. मोटारींतही हे दोन पंथ आहेत. एक पुटावर पूट चढवितो, दुसरा आधी खरवडून पाहतो. दुर्दैवाने पहिल्याचे काम छायाचित्रात अधिक चांगले दिसते, आणि आजकाल गाड्या छायाचित्रावरून विकल्या जातात.

म्हणून अशी गाडी घ्यावयास जाणाऱ्याने रंग पाहू नये; गुडघे टेकून खाली पाहावे. मार्क टू ही गाडी वेगळ्या सांगाड्यावर बसविलेली नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दारांखालचे उंबरठे, ज्यांना मिस्त्री सिल म्हणतात, ते कुजले तर गाडीची कंबरच मोडली म्हणावयाची. एक लहानसे चुंबक मऊ कापडात गुंडाळून या सिलवरून, दारांच्या खालच्या कडांवरून, मडगार्डांच्या टोकांवरून फिरवावे. जेथे चुंबक धरत नाही तेथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मागचे कमानपाटे जेथे बॉडीस अडकविलेले असतात ती जागा, जॅक लावण्याची जागा, आणि डिकीत जादा चाक ठेवण्याचा खळगा, या तीन ठिकाणी पाणी साचते व तेथूनच नाश सुरू होतो. दारे उघडून मिटून पाहावी. फटी सर्वत्र सारख्या असाव्या. दार उचलून लावावे लागत असेल तर दोष बिजागरीचा आहे की कमरेचा हे शोधावे.

इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर चहा घेऊन तासभर थांबावे. मला तरी त्यात संकोच वाटत नाही. गाडी चांगली तापल्यावर मिनिटास ३,००० फेऱ्यांवर तेलाचा दाब ४० पौंडांच्या आसपास असावा. इंजिनाच्या पुढच्या बाजूने, खालून, साखळी खडखडल्यासारखा आवाज येत असेल तर तो खालच्या टायमिंग चेनचा, आणि ती बदलावयाची तर बहुधा सारे इंजिन बाहेर काढावे लागते. मागून थोडे तेल ठिबकत असेल तर त्याने घाबरून जाऊ नये. ही इंजिने ठिबकतातच. मुंबईच्या गर्दीत पाणी उकळते का हे मात्र पाहिलेच पाहिजे, आणि ते पाहावयास तारापूरचा मोकळा रस्ता उपयोगाचा नाही.

मग क्रमांक. उजव्या बाजूस सुकाणू असलेल्या ३.४ लिटर मोटारींचे चॅसी क्रमांक १५०००१ पासून आणि ३.८ लिटरच्या मोटारींचे २००००१ पासून सुरू होतात. ३.८ ला किंमत अधिक येते, त्यामुळे लहान इंजिनाच्या गाडीत मोठे इंजिन घालून ती ३.८ म्हणून खपविण्याचे प्रकार विलायतेतही होतात. इंग्लंडातील जग्वारची वारसा संस्था जुन्या नोंदवह्या पाहून प्रमाणपत्र देते: गाडी कोणत्या तारखेस कारखान्यातून गेली, कोणत्या रंगाची होती, इंजिनाचा क्रमांक काय. तारापूरच्या गाडीचे असे प्रमाणपत्र वहीतच चिकटविलेले आहे, आणि त्याबरहुकूम तिचा रंग पुन्हा मूळचा करण्यात आला. वाडीत ती आली तेव्हा लाल होती म्हणे. हल्ली जो तो लाल करतो.

किमतीविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जीर्णोद्धारास लागलेला खर्च विक्रीच्या किमतीतून क्वचितच वसूल होतो. सात वर्षांची मजुरी, परदेशी भागांवरील जकात, दोनदा फसलेले क्रोमचे काम, यांची बेरीज मालकांनी वहीत केलेली आहे आणि तिच्याखाली रेघ मारून पुढे काहीच लिहिलेले नाही. ती बेरीज गिऱ्हाइकाने द्यावी अशी त्यांचीही अपेक्षा नाही. परंतु निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशातला बराच भाग त्या पत्र्यात गेलेला आहे, आणि तो काही अंशी परत येणे हा त्या दोघांच्या उतारवयाचा प्रश्न आहे. जुन्या गाडीत पैसे 'गुंतवा' असा सल्ला देणारे लोक भेटतात. मी तो देणार नाही.

तीन गिऱ्हाइके येऊन गेली. पहिल्याला ती लग्नसमारंभांत भाड्याने द्यावयाची होती. नवरानवरी मागे बसलेली, बॉनेटवर झेंडूच्या माळा, असे चित्र त्याने मोठ्या हौसेने रंगविले. त्याला कायदा आड आला. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू लागली. प्रथम नोंदणीची फी २०,००० रुपये, ती दहा वर्षे चालते, आणि पुढच्या खेपेस ५,००० रुपये. ज्या वाहनाची नोंद आधीच आहे त्यास आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्यास 'व्ही. ए.' अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी, की चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. पंपघरात पडलेले ते इंजिन किती मोलाचे होते हे यावरून ध्यानात येईल. डिझेलवर चालणाऱ्या जग्वारला हा मान मिळणे कठीण. दुसरी अट अशी, की प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, अशा कामांसाठी ती रस्त्यावर आणावी. रोजच्या किंवा व्यापारी उपयोगासाठी आणू नये. तेव्हा वराती संपल्या.

दुसरे गिऱ्हाईक मुंबईचे, श्रीमंत संग्राहक. त्यांच्याकडे हवेतील ओल काढून घेणाऱ्या यंत्रांनी सुसज्ज असे मोटारींचे दालन आहे. त्यांनी सर्वांत मोठी रक्कम देऊ केली. गाडी तेथे गेली तर काचेसारखी राहील, आणि बहुधा कधी चालणार नाही. तिसरे पुण्याचे एक तरुण दाम्पत्य, दोघेही नोकरी करणारे. त्यांची रक्कम बरीच कमी, पण तरुणी स्वतः गाडीखाली सरपटत जाऊन कमानपाटे पाहून आली, आणि वहीतली पाने तिने एकूण एक वाचली. "ही वही गाडीबरोबर मिळेल ना?" एवढेच तिने विचारले.

मालकांनी माझे मत विचारले तेव्हा मी म्हणालो, की पुण्याची हवा कोरडी आहे. ते हसले. परंतु माझ्या म्हणण्यात अर्थ होता. उभ्या इंजिनातील तेल खाली उतरते, ब्रेकांची पिस्टने अडकून बसतात, रबरे कडक होतात. महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मैल चाललेली गाडी दालनातल्या गाडीपेक्षा अधिक निरोगी असते. त्यांच्या पत्नींचे मत आणखी थोडक्यात होते. "नेईल त्याने ती भिजवली तरी चालेल," त्या म्हणाल्या, "उभी ठेवू नये." दोन रकमांतले अंतर मात्र लहान नाही, आणि ते कोणी सोसावे हे बाहेरच्याने सांगण्यासारखे नव्हे. त्यांनी दसऱ्यापर्यंत विचार करावयाचे ठरविले आहे.

गाडी कोणीही घेतली तरी एका नव्या संकटाची दखल त्याने घेतलीच पाहिजे. आपल्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. त्यातले काही आपल्याच उसाचे, तेव्हा त्याविषयी महाराष्ट्रात बसून फार तक्रार करणे शोभत नाही. पण इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, आणि १९६० च्या सुमारास केलेल्या रबरी नळ्या व बुचाचे वॉशर त्याला टिकत नाहीत. तारापूरच्या गाडीच्या पेट्रोलच्या साऱ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या आहेत. कार्ब्युरेटरांची वॉशरे मात्र जुनीच आहेत, आणि वहीच्या शेवटच्या पानावर 'करावयाची कामे' या मथळ्याखाली त्यांचा पहिला क्रमांक आहे. पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरावी म्हणजे आत ओल धरावयास जागा राहात नाही. गाडी ताडपत्रीखाली झाकू नये. ताडपत्रीच्या आत घाम सुटतो. सुती आच्छादन घालावे, आणि दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्याची जी बारीक छिद्रे असतात ती काडीने मोकळी करावी. या एका काडीच्या आळसापायी अनेक दारे गेलेली आहेत.

व्यवहार ठरल्यावर नोंदणी पुस्तिकेवरील चॅसी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडावे, विमा घेणाऱ्याच्या नावावर होईल असे पाहावे, आणि हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरून परिवहन कार्यालयात दाखल करावे. त्या नमुन्यांवर दोघांच्या सह्या होईपर्यंत किल्ली विकणाऱ्याच्या खिशात असावी, आणि वही त्याच्या कपाटात.